पोटाचा सलोखा आणि पोलिओचे दोन थेंब
(व्याख्यानाचं शब्दांकन)



विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, की पोलिओ तर देशातून गेला, आता त्यात बोलण्यासारखं काय उरलंय? उरलंय. एक जुना प्रश्न उरलाय. ज्या लेकराला चार वेळा, सहा वेळा, अगदी दहा वेळा पोलिओचा डोस पाजला, त्याचा पाय तरीही लुळा का पडला? आपल्या देशात असं हजारो घरांत घडलं. आणि प्रत्येक घराला मिळालेलं उत्तर साधारण एकच होतं: ‘तुमचाच एखादा डोस चुकला असेल.’ म्हणजे दोष आईचा. नाहीतर डोस पाजायला आलेल्या बाईचा. या उत्तराचा इतिहास आज आम्हाला तुमच्यापुढं मांडायचा आहे, कारण खरं उत्तर आईपाशी नव्हतं, ते लेकराच्या आतड्यात होतं.

सुरुवात पोटापासूनच करू. आपण रोज काय काय गिळतो बघा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दूध, अंडं, मासा. शरीराच्या दृष्टीनं हे सगळं परकं. यातलं एखादं प्रथिन सुईनं थेट रक्तात सोडलं तर शरीर त्याच्यावर तुटून पडेल. तेच प्रथिन तोंडानं गेलं तर काही होत नाही, उलट अंगी लागतं. हे असं का होतं? कारण आतड्याचा मूळ स्वभाव भांडणाचा नाही, सलोख्याचा आहे.

हे आधी गिनिपिगवर दिसलं. १९११ साली अमेरिकेत वेल्स नावाच्या शास्त्रज्ञानं काही गिनिपिगना अंड्यातलं प्रथिन खाऊ घातलं आणि नंतर तेच प्रथिन टोचलं. ज्यांनी ते आधी खाल्लं नव्हतं, त्यांना वारंवार टोचल्यावर जीवघेणी प्रतिक्रिया येई. ज्यांनी खाल्लं होतं, ती जनावरं शांत राहिली. पुढं १९४६ मध्ये मेरिल चेस यांनी कातडीला खाज आणणाऱ्या एका रसायनाबाबत हेच दाखवलं. तोंडानं घेतलेल्या गोष्टीला शरीर सोसायला शिकतं. शास्त्रात याला ‘ओरल टॉलरन्स’ म्हणतात. आजच्यापुरता आम्ही त्याला ‘पोटाचा सलोखा’ म्हणू.

हे चालतं कसं? लहान आतड्याच्या भिंतीत ठिकठिकाणी पेशींचे पुंजके असतात. योहान पेयर या स्विस वैद्यानं १६७७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना पेयर्स पॅचेस म्हणतात. त्यांच्यावर ‘एम’ नावाच्या खास पेशी बसलेल्या असतात. आतड्यातून जे जे जातं त्याचा नमुना त्या आत घेतात आणि पहारेकरी पेशींच्या हवाली करतात. या पहारेकरी पेशी नमुना पारखतात. धोक्याची काही खूण नसेल तर त्या ‘नियामक’ टी-पेशी तयार करवतात, आणि या टी-पेशी बाकीच्या सैन्याला आवरून धरतात. आपल्याकडं पूर्वी गावच्या वेशीवर जागल्या असायचा. बाजारच्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसावर त्यानं काठी उगारली असती तर बाजार भरलाच नसता. माणसं ओळखून आत सोडणं, हेही त्याचं कामच होतं.

आता या वेशीवर विषाणू आला तर? इथं दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. जो विषाणू माणसाच्या पेशीत वाढूच शकत नाही, तो गिळला तरी पोट फारशी दखल घेत नाही. आपल्या देशात याचं एक जुनं उदाहरण आहे. जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरियोफाज म्हणतात. १९१७ साली फेलिक्स दरेल यांनी त्यांना ते नाव दिलं. १९२० च्या दशकात ते हिंदुस्थानात आले आणि कॉलऱ्यावर उपाय म्हणून पंजाबात हे विषाणू रुग्णांना पाजले, विहिरींतही सोडले. पुढं आसामातही मोठ्या प्रमाणावर हा प्रयोग झाला. लोकांनी विषाणू प्याले. माणसाच्या पेशींना त्यांचं काही सोयरसुतक नव्हतं.

दुसरा विषाणू म्हणजे जो आतड्याच्या पेशीत शिरतो, घर करतो, वाढतो. पोलिओचा विषाणू हा असा. तो वाढायला लागला की पेशी मरतात, धोक्याची खूण मिळते आणि सलोखा मोडतो. मग आतडं ‘आयजीए’ नावाची प्रतिपिंडं पाझरायला लागतं. पुढच्या वेळी तोच विषाणू आला तर त्याला भिंतीलाच चिकटू देत नाही. म्हणून तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लशीतला विषाणू जिवंत असावा लागतो. दुबळा केलेला, पण जिवंत. मेलेल्या जंतूंची तोंडावाटे लस होतच नाही असं नाही. कॉलऱ्याची तशी लस आहे. पण पोलिओच्या बाबतीत थेंबांचं सगळं बळ त्या विषाणूनं आतड्यात मूळ धरण्यावर होतं.

१९५० साली हिलरी कोप्रोव्स्की यांनी जिवंत पोलिओ विषाणू पहिल्यांदा एका मुलाला तोंडानं दिला. १९५५ मध्ये जोनास सॉक यांची मृत विषाणूची, टोचायची लस आली. ती रक्तात प्रतिपिंडं तयार करी, पाय वाचवी. पण आतड्यातली वेस बऱ्याच अंशी उघडीच राही, आणि टोचलेलं मूलही विषाणू पुढं पसरवू शके. अल्बर्ट सेबिन यांनी उलट वाट धरली. विषाणू ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं लस द्यायची. १९५९ मध्ये सोव्हिएत संघात चुमाकोव्ह यांनी लाखो मुलांना ती दिली, गोळ्या-चॉकलेटमधूनसुद्धा. सुई नाही, सिरिंज नाही, डॉक्टर लागत नाही. गरीब देशांना वाटलं, हे आपल्यासाठीच आहे.

आपल्याकडं तयारी आधीपासून होती. मुंबईत परळला, १८९९ पासूनच्या हाफकिन संस्थेच्या आवारात, १९४९ साली पोलिओच्या संशोधनासाठी एक केंद्र सुरू झालं. तेच पुढं एंटरोव्हायरस संशोधन केंद्र झालं. १९७८ मध्ये देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम आला आणि लवकरच त्यात पोलिओचे थेंब आले. हिशोब परदेशातून आला होता: तीन डोस, की मूल सुरक्षित.

हा हिशोब आपल्याकडं जुळला नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. टी. जेकब जॉन यांनी मुलांचं रक्त तपासलं आणि सांगितलं, तीन डोस घेऊनही पुष्कळ मुलांत प्रतिपिंडं तयारच होत नाहीत. पुढं १९९१ मध्ये अनेक विकसनशील देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. तीन डोसनंतर पहिल्या प्रकारच्या विषाणूविरुद्ध सरासरी ७३ टक्के, दुसऱ्या प्रकाराविरुद्ध ९० टक्के आणि तिसऱ्याविरुद्ध ७० टक्के मुलांत प्रतिसाद दिसला. श्रीमंत देशांत हे आकडे शंभराच्या जवळ होते. लस तीच, थेंब तेच. पोट वेगळं.

पोट वेगळं म्हणजे काय? इथं गैरसमज नको. आपली मुलं जन्मानं दुबळी होती असं नाही. कारणं अनेक होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती. आपल्याकडं लहान मुलाच्या आतड्यात आधीच इतर विषाणू मुक्कामाला असतात, त्या गर्दीत लशीच्या विषाणूला जागा मिळत नाही. वारंवार जुलाब होतात, त्यात लस टिकत नाही. घाण पाण्यात आणि उघड्यावरच्या मैल्यात वाढणाऱ्या मुलाच्या आतड्याचं अस्तर सतत सुजलेलं राहतं. आईकडून आलेली प्रतिपिंडं पहिले काही महिने लशीलाही अडवतात. शिवाय लशीतच तीन प्रकारचे विषाणू एकत्र, आणि त्यातला दुसरा प्रकार इतका जोरकस की तो बाकीच्या दोघांना मूळ धरू देईना. याला सलोखा म्हणायचं की गर्दीतली चेंगराचेंगरी, यावर शास्त्रज्ञ बारीक फरक करतात, आणि तो करायलाच हवा. पण घरातल्या आईच्या दृष्टीनं परिणाम एकच: थेंब पोटात गेला आणि पोटानं त्याची नोंदच घेतली नाही.

आणि दोष कुणावर गेला? एके काळी तर आईच्या दुधावरच गेला. डोसच्या आधी आणि नंतर काही वेळ अंगावर पाजू नका, असं सांगितलं जाई. पुढच्या अभ्यासांतून ती अट अनावश्यक ठरली, आणि आज डोसनंतर लगेच पाजलं तरी चालतं हे प्रत्येक आशाताई सांगते. पण एवढी एक गोष्ट मागं घ्यायलासुद्धा वर्षं गेली.

आता थोडं गणित. २००६ मध्ये ग्रासली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या रुग्णांच्या नोंदींवरून एक हिशोब मांडला. तीन प्रकारांच्या एकत्रित लशीचा एक डोस पहिल्या प्रकारच्या पोलिओपासून किती संरक्षण देतो? उत्तर प्रदेशात ९ टक्के. महाराष्ट्रासारखी राज्यं ज्यात येतात त्या उरलेल्या भारतात २१ टक्के. आता दहा डोस पाजले असं धरा. २१ टक्क्यांच्या हिशोबानं शंभरातली नऊ-दहा मुलं तरीही उघडी राहतात. ९ टक्क्यांच्या हिशोबानं एकोणचाळीस. दहा डोस पाजूनही! त्या एकोणचाळीस आयांपैकी एकीचंही काही चुकलेलं नव्हतं. आमच्या मते पोलिओच्या भारतीय इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा आहे, आणि तो सर्वसामान्यांना कुणी फारसा सांगितला नाही.

मग उपाय काय? पोट एकदा ऐकत नसेल तर पुन्हा पुन्हा सांगायचं, आणि सगळ्या पोटांना एकाच दिवशी सांगायचं. ‘पल्स’ पद्धतीचा हा विचारही डॉ. जॉन यांनी वेल्लोरच्या परिसरात आधी राबवून पाहिला होता. गावातल्या सगळ्या मुलांना एकदम डोस दिला की रानटी विषाणूला शिरायला रिकामं आतडंच सापडत नाही. देशपातळीवर पहिला पल्स पोलिओ ९ डिसेंबर १९९५ आणि २० जानेवारी १९९६ ला झाला, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी. पुढच्या वर्षी वय पाचपर्यंत वाढवलं. डाव्या करंगळीला शाईची खूण, घराच्या दारावर खडूनं ‘पी’ किंवा ‘एक्स’, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

तारखा हिवाळ्यातल्या का, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. थंडीत पोटातल्या इतर विषाणूंची गर्दी कमी असते आणि रानटी पोलिओचा फैलावही मंदावलेला असतो. थेंबाला जागा मिळण्याची शक्यता तेव्हा जास्त.

आणि इथं हा इतिहास आपल्या साताऱ्या-सांगलीत येऊन पोचतो. कारण थंडी म्हणजे आपल्याकडं काय? गळीत हंगाम. दिवाळी झाली की बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून, आपल्याच जत-आटपाडीकडून, माण-खटावकडूनही ऊसतोड टोळ्या कराड, वाळवा, पलूस या बागायती पट्ट्यात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. सोबत कच्चीबच्ची. कारखान्याच्या माळावर नाहीतर फडाच्या कडेला कोप्या पडतात. पहाटे आईबाप फडात, लेकरू वाढ्यांच्या भाऱ्याशेजारी. पिण्याचं पाणी मिळेल ते. संडास नाही. चार-पाच महिने असेच जातात, मग टोळी परत जाते.

आता मघाचं शास्त्र या कोपीत आणून बघा. ज्या पोटात गर्दी जास्त, जुलाब जास्त, तिथं थेंबाचा परिणाम कमी. म्हणजे डोस जास्त लागणार. ते पोट नेमकं कुणाचं? कोपीतल्या लेकराचं. आणि ज्याचं नाव गावच्या अंगणवाडीच्या यादीत नाही, जे रविवारी बूथवर येऊ शकत नाही कारण आई फडात आहे, ते लेकरू कुठलं? तेच. ज्याला थेंबांची गरज सगळ्यात जास्त, त्याच्यापर्यंत ते पोचायची शक्यता सगळ्यात कमी. म्हणून बूथ मांडून भागत नाही. फिरती पथकं निघाली. साखर कारखाने, वीटभट्ट्या, बांधकामं, भटक्यांच्या पालवस्त्या यांच्या वेगळ्या याद्या झाल्या. आरोग्यसेविका, अंगणवाडीताई आणि पुढं आशाताई बर्फाची पेटी खांद्याला लावून फडापर्यंत गेल्या. लशीच्या कुपीवरचा तो छोटा चौकोन गडद झाला की लस फेकायची, हेही सांभाळत. एखाद्या पोराचा पाय अचानक लुळा पडला की चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि बर्फात घालून मुंबईच्या केंद्रात धाडायचे. पोलिओ संपवण्याचं श्रेय देताना आपण लशीचं नाव घेतो. आम्हाला वाटतं, पोटाच्या त्या हट्टावर मात केली ती या बायकांच्या पायांनी.

तरीही गणित हट्टी होतं. २००२ मध्ये देशात १६०० रुग्ण, २००९ मध्येही ७४१. मग लशीतली गर्दीच कमी केली. दुसऱ्या प्रकारचा रानटी विषाणू १९९९ नंतर कुठं सापडलाच नव्हता, तरी लशीत तो बाकीच्यांची जागा अडवून होता. २००५ मध्ये एकाच प्रकारची लस आली, २०१० मध्ये पहिला आणि तिसरा अशा दोन प्रकारांची. २०१० मध्ये रुग्ण ४२. २०११ मध्ये एक, १३ जानेवारीला, पश्चिम बंगालमध्ये हावड्याला. त्यानंतर रानटी पोलिओचा एकही नाही. २७ मार्च २०१४ ला आपल्या भागाला पोलिओमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळालं.

पण जिवंत विषाणू पोटात घर करतो, याची दुसरी बाजूही आहे. जो आत वाढतो तो बाहेरही पडतो. जिथं पुष्कळ मुलं लशीविना राहतात तिथं तो मुलामुलांतून फिरत पुन्हा जहाल होऊ शकतो. २००० साली हैती आणि डोमिनिकन रिपब्लिकमध्ये तसं घडलं. ज्या मुलात जन्मतः प्रतिकारशक्तीच नसते त्याचं आतडं हा विषाणू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं बाहेर टाकत राहतं. म्हणून डॉ. जॉन यांच्यासारखे लोक टोचायच्या लशीचा आग्रह आधीपासून धरत होते. ३० नोव्हेंबर २०१५ ला ती आपल्या कार्यक्रमात आली आणि २५ एप्रिल २०१६ ला थेंबांतून दुसरा प्रकार काढून टाकला. मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओचा शोध २००१ पासून चालू आहे.

यातून पोटाबद्दल आणखी एक गोष्ट कळली. ज्या मुलांनी आधी थेंब घेतले आहेत त्यांना नंतर सुई दिली तर आतड्यातलं संरक्षण पुन्हा जोमानं जागं होतं. वेल्लोर आणि मुरादाबादच्या अभ्यासांत २०१४ मध्ये हे दिसलं. म्हणजे पोटाला आठवण असते. ज्याची आधी ओळख पटलीय, त्याची आठवण हातावरच्या सुईनंही करून देता येते. आज आपल्या बाळांना थेंबही मिळतात आणि दंडाच्या कातडीत थोडीशी लसही, त्यामागं हेही एक कारण आहे.

आणि हा इतिहास पोलिओबरोबर संपत नाही. जुलाबाच्या रोटाव्हायरसची लसही तोंडानंच देतात. त्यातल्या रोटाव्हॅकचा विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये जन्मलेल्या नवजात बाळांकडून मिळाला. त्या बाळांच्या पोटात तो होता, पण त्यांना जुलाब झाले नव्हते. पोटानं सोसलेला विषाणूच पुढं लस झाला. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथल्या चाचण्यांत पहिल्या वर्षी रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबापासून तिनं साधारण ५६ टक्के संरक्षण दिलं. श्रीमंत देशांत अशा लशी ८५ टक्क्यांच्या वर जातात. पोलिओत जे अंतर दिसलं तेच पुन्हा. तरी ५६ टक्के म्हणजे कितीतरी लेकरं वाचतात, म्हणून ती द्यायचीच. पण उरलेले ४४ टक्के कुणाच्या वाट्याला येतात, ते मघाशी आपण कोपीत पाहिलं.

आम्हाला म्हणायचंय ते एवढंच. लस कुपीत अर्धीच असते. उरलेली अर्धी पोटात तयार व्हावी लागते. आणि पोट तयार होतं ते पिण्याच्या पाण्यावर, संडासावर, आईला फडात जाताना लेकरू कुठं ठेवता येतं यावर. २००५ आणि २०१९ चे महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना पिण्याच्या पाण्याची किंमत आम्ही सांगायला नको. तेव्हा पुढच्या हंगामात कारखान्याच्या माळावर कोप्या पडल्या की तिथं पथक आलं का, हे विचाराच. पण नळ आला का, हेही विचारा. आणि डोस घेऊनही एखादं मूल आजारी पडलं तर त्याच्या आईला ‘तुमचं काय चुकलं’ असं विचारू नका.

 आता प्रश्न असतील तर घेऊ.